क्रोमॅटिन घट्ट होतं म्हणून जीन बंद होतो, की जीन बंद होतो म्हणून क्रोमॅटिन घट्ट होतं?

शहाद्याकडचा एक मुलगा आहे, एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने विचारलंय, "मॅडम, पुस्तकात दिलंय की हेटेरोक्रोमॅटिन घट्ट असतं म्हणून तिथले जीन बंद असतात. सेमिनारला एकाने विचारलं घट्ट कोण करतं, मी म्हटलं एचपी१ प्रोटीन. तर तो म्हणे एचपी१ काही सेकंदांत सुटून जातं, मग घट्ट राहतं कसं? मला काही बोलताच आलं नाही. हे प्रोटीन नेमकं करतं तरी काय?"

अरे, बोलता आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याने तो प्रश्न विचारला त्याने फार बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय आणि यावर मोठमोठ्या लॅबमध्ये अजून एकमत नाहीये. मी क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं यांच्या साखळीवर, काम करतेय त्याला २२ वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं मी पण पुस्तकातलंच वाक्य शिकवत होते. आता नाही शिकवत, का नाही ते सांगते. लांब होईल, पण अर्धवट सांगून तुझा गोंधळ वाढवायचा नाहीये.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते. जीन बंद ठेवण्याचं खरं काम हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो त्या प्रोटीनांवरच्या) रासायनिक खुणा, त्या वाचणारी प्रोटीनं आणि वाचून परत तीच खूण शेजारी लावणारी प्रोटीनं करतात, हे चक्र सतत फिरत असतं. घट्टपणा त्यातून येतो, त्याची मदतही होते, पण नुसतं घट्ट केलं म्हणजे जीन बंद झाला असं धरून चाललास तर पुढे प्रत्येक प्रयोगात फसशील.

आता मुळापासून. आपण खान्देशातली माणसं, त्यामुळे कापसाचं उदाहरण पटकन कळतं. वावरातला कापूस जिनिंगला गेला की सरकी वेगळी होते, रुई निघते, ती फुगलेली रुई प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची गठाण तयार. खोलीभर पसरलेला माल एका कोपऱ्यात बसतो. पेशीसमोर पण हाच प्रश्न आहे, माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर आणि तो बसवायचा कुठे तर काही मायक्रॉनच्या केंद्रकात. म्हणून डीएनए हिस्टोनच्या आठ प्रोटीनांच्या गोळ्याभोवती गुंडाळला जातो, १४७ बेसजोड्या, पावणेदोनच्या थोडे कमीच वेढे, त्याला आपण न्यूक्लिओसोम म्हणतो. असे एका पेशीत ३ कोटींच्या आसपास. ही कल्पना रॉजर कॉर्नबर्गने १९७४ ला मांडली आणि १९९७ ला लुगर, रिचमंड वगैरेंनी त्याची अणू-अणू दिसेल अशी रचना काढली. दोन न्यूक्लिओसोमच्या मधे एच१ हिस्टोन बसतं, ते वेढा आणखी आवळतं. त्यापुढे पुस्तकात ३० नॅनोमीटरचा जाड दोर काढलेला असतो, तो परीक्षेत काढ बाबा, पण २०१७ ला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पेशीच्या आत पाहिलं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरच्या वेड्यावाकड्या साखळ्याच दिसल्या, काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ. नीट वळलेला दोर नाही दिसला.

गठाणीचं उदाहरण इथपर्यंतच चालतं, पुढे मी ते सोडून देते. का, तर गठाणीला एकदा लोखंडी पट्ट्या मारल्या की ती गोडाऊनला वर्षभर पडून राहिली तरी तशीच राहते, कोणी बघायला नको. पेशीत अशी पट्टीच नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे क्रोमॅटिनला घट्ट व्हायला प्रोटीनची वाट बघावी लागतच नाही. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनच्या शेपटांवर लायसिन या अमिनो आम्लामुळे धन भार, आणि एच४ या हिस्टोनची शेपटी शेजारच्या न्यूक्लिओसोमवरच्या ऋणभाराच्या जागेला जाऊन चिकटते. बाहेर थोडं मॅग्नेशियम असलं की साखळी स्वतःहून गोळा होते. हे मी फार महागात शिकले. सुरुवातीच्या काळात बारा न्यूक्लिओसोमची साखळी बनवून त्यात मी शुद्ध केलेलं एचपी१ टाकलं, सेंट्रिफ्यूज केलं, खाली मस्त गोळा बसला. तीन आठवडे मी त्याच आनंदात, आकृत्या पण काढून ठेवल्या. मग आमच्या लॅबमधल्या सिनियर ताईंनी विचारलं की प्रोटीन न टाकता नुसता बफर टाकून केलंस का. केलं नव्हतं. केलं तर तसाच गोळा, कारण प्रोटीन ज्या बफरमध्ये होतं त्यात मॅग्नेशियम जास्त पडलं होतं. त्या दिवसापासून कोणी "अमुक प्रोटीन क्रोमॅटिन घट्ट करतं" म्हटलं की मी पहिले मीठ विचारते, किती सोडियम, किती मॅग्नेशियम, आणि कंट्रोल कुठाय. तू पण विचारत जा.

म्हणजे चिकटायची ओढ साखळीत आहेच, प्रोटीनं ती ओढ वाढवतात किंवा कमी करतात. सगळ्यात सोपं उदाहरण ॲसिटाइल या छोट्या रासायनिक खुणेचं. लायसिनवर ॲसिटाइल लागला की त्याचा धन भार जातो, शेपटी सैल पडते. व्हिन्सेंट ऑलफ्रीने १९६४ मध्येच म्हटलं होतं की हिस्टोनवरच्या ॲसिटाइलचा आणि जीन चालू असण्याचा संबंध असावा. एच४ च्या १६ व्या लायसिनवर एक ॲसिटाइल लावला तर साखळी घट्ट व्हायचंच थांबते हे २००६ ला दाखवलं गेलं, एवढासा बदल आणि एवढा परिणाम, मला अजून पण नवल वाटतं. उलटं काम करणारी एन्झाइमं म्हणजे एचडॅक, ती ॲसिटाइल काढून टाकतात. जीन बंद करायची पहिली पायरी बहुतेक वेळा हीच असते, हे लक्षात ठेव, पुढे परत येईल.

आता तुझं एचपी१. गोष्ट जुनी आहे. १९२८ ला एमिल हाइट्झने शेवाळासारख्या वनस्पतींच्या पेशीत पाहिलं की गुणसूत्रांचे काही भाग पेशीविभाजन झाल्यावरही गडदच राहतात, त्याला त्याने हेटेरोक्रोमॅटिन नाव दिलं. १९३० ला मुलरने फळमाशीवर एक्स-रे मारून असे बदल मिळवले की डोळ्याच्या लाल रंगाचा जीन उचलून या गडद भागाशेजारी जाऊन पडला, आणि माशीचा डोळा ठिपक्याठिपक्यांचा झाला, काही पेशी लाल तर काही पांढऱ्या. जीन चांगला आहे, फक्त शेजार बदलला, आणि काही पेशींत तो बंद झाला. आणि एकदा बंद झाला की त्या पेशीच्या लेकी-नातींमध्ये पण बंदच, म्हणून तर ठिपके मोठे दिसतात. हा प्रयोग शिकवताना मी अजूनही घाई करत नाही, कारण यात सगळा विषय आहे. पसरणं, अडखळणं, आणि आठवण.

मग लोकांनी अशा माश्या शोधल्या ज्यांच्यात दुसराच एखादा जीन बिघडला की डोळा परत लाल होतो. म्हणजे बिघडलेला तो जीन शांत करण्याच्या कामातला माणूस असणार. त्यातलाच एक एचपी१ चा, प्रोटीन म्हणून ते १९८६ ला एल्गिनच्या लॅबने दाखवलं. दुसरा सूव्हार३९, आणि २००० साली येनुवाइनच्या गटाने दाखवलं की हे एन्झाइम एच३ हिस्टोनच्या ९ व्या लायसिनवर मिथाइल ही खूण लावतं. २००१ ला कळलं की एचपी१ चा क्रोमोडोमेन हा भाग बरोबर तीच मिथाइलची खूण ओळखतो. आणि एचपी१ परत सूव्हार३९ ला जवळ ओढतं.

झालं की नाही चक्र? खूण आहे, वाचणारा आला, त्याने खूण लावणाऱ्याला बोलावलं, त्याने शेजारच्या न्यूक्लिओसोमवर खूण लावली, तिथे परत वाचणारा आला. घरी दह्याचं विरजण लावतात तसं. चमचाभर दही भांडंभर दुधाला लागतं आणि उद्या त्याच दह्यातला चमचा परवाच्या दुधाला. पेशी दुभंगते तेव्हा नेमकं हेच होतं, जुने खूण असलेले न्यूक्लिओसोम दोन्ही लेकींमध्ये निम्मे निम्मे वाटले जातात, मधे नवीन कोरे येतात, म्हणजे दह्यात तेवढंच दूध ओतलं, आणि मग वाचणारे-लावणारे मिळून ते परत घट्ट लावतात. विरजण कमी पडलं किंवा दूध फार गार असलं की दही लागत नाही, तसंच खूण फार पातळ झाली, किंवा खुणा पुसणारी एन्झाइमं जोरात असली, की ती जागा उघडी पडते. माशीच्या डोळ्यातले लाल ठिपके म्हणजे जिथे दही लागलं नाही त्या जागा.

आता तुझ्या सेमिनारवाल्याचा प्रश्न. २००३ ला चमकणारं एचपी१ जिवंत पेशीत घालून लेझरने एका ठिकाणची चमक घालवली तर काही सेकंदांत तिथे नवीन चमकणारे रेणू येऊन बसले. म्हणजे एचपी१ बसतं आणि उठतं, बसतं आणि उठतं. मग घट्ट राहतं कसं? जळगावच्या बस स्टँडवर संध्याकाळी उभा राहून बघ. दर दहा मिनिटांनी माणसं बदललेली असतात, कोणी चोपड्याला गेलं, कोणी पारोळ्याहून आलं, पण गर्दी तेवढीच. गर्दी टिकते कारण तिथे गाड्या लागतात. इथे गाड्या लागायची जागा म्हणजे मिथाइलची खूण, ती एचपी१ पेक्षा खूप जास्त वेळ टिकते. एचपी१ चे दोन रेणू शॅडो डोमेन या भागाने एकमेकांना धरतात, त्यामुळे एक हात या न्यूक्लिओसोमवर आणि एक त्या, असे क्षणभराचे पूल हजारोंनी बनत-तुटत राहतात आणि सरासरीने तो भाग दाट राहतो. त्याला सांग, एचपी१ खिळा नाहीये, वर्दळ आहे.

२०१७ ला यावर एक मोठी लाट आली. गीता नार्लीकरांच्या आणि कार्पेनच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की एचपी१ पाण्यात तेलाचे थेंब व्हावेत तसे थेंब बनवतं, माणसाचं एचपी१ अल्फा मात्र फॉस्फेट लागलेलं असेल किंवा डीएनए सोबत असेल तेव्हाच. सगळ्यांना वाटलं चला, कोडं सुटलं, हेटेरोक्रोमॅटिन म्हणजे थेंब, त्यात जीन अडकला की बंद. मग २०२० ला उंदराच्या पेशींवर मोजमाप झालं आणि त्यांचं म्हणणं पडलं की तिथे एचपी१ द्रव थेंबासारखं वागतच नाहीये, एचपी१ काढून घेतलं तरी तो दाट गोळा बऱ्यापैकी तसाच राहतो. माझं मत विचारशील तर परीक्षानळीतला थेंब खरा आहे, पेशीतला गोळा पण खरा आहे, पण पहिला म्हणजेच दुसरा असं म्हणायला पुरावा कमी पडतो. आणि एक सावधगिरी, बरेच जण हेक्झेनडायॉल टाकून "बघा थेंब विरघळला" असं दाखवतात. ते रसायन एन्झाइमं पण बिघडवतं आणि जिवंत पेशीतलं क्रोमॅटिन उलट गोठवतं असं २०२१ मध्ये दिसलंय. केवळ तेवढ्यावर निष्कर्ष काढलेला पेपर मी बाजूला ठेवते.

बरं, गोळा दाट आहे म्हणजे किती दाट? इथे पण आकडा बघ. जिवंत उंदराच्या पेशीत मोजलं तर त्या गडद ठिपक्यात डीएनए आजूबाजूपेक्षा साडेपाच ते साडेसात पट जास्त आहे, पण सगळं मिळून वस्तुमानाची घनता फक्त दीडपट. कारण बाहेर पण प्रोटीनं आणि आरएनएची गर्दी आहेच. बऱ्यापैकी मोठे रेणू त्या गोळ्यात आत शिरू शकतात हे पण दाखवलेलं आहे. तेव्हा "पॉलिमरेजला (जीनवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला) आत जायला जागाच नाही" हे जे आपण फळ्यावर काढतो ना, दगडी भिंत आणि बाहेर थांबलेलं पॉलिमरेज, ते चित्र मनातून काढून टाक.

आणि सगळ्यात मोठा पुरावा परत माशीचाच. तिच्यात लाइट नावाचा जीन आहे, तो राहतोच हेटेरोक्रोमॅटिनमध्ये, आणि तिथे तो चालू असतो! त्याला उचलून उघड्या, सैल भागाशेजारी नेऊन ठेवलं तर तो मंदावतो. घट्टपणाच जीन बंद करत असता तर हे उलटं व्हायला हवं होतं.

आपल्या शेताशी जोडलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. कपाशीवर पिठ्या ढेकूण येतो, पांढरा पिठासारखा, शेतकरी त्याच्या नावाने हैराण असतात. या पिठ्या ढेकणांच्या नरात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा सगळाच्या सगळा संच गर्भाच्या सुरुवातीलाच आवळून एका गोळ्यात बसवला जातो आणि शांत होतो. आईकडचा संच चालू. शुक्राणू बनताना बापाचा संच टाकूनच दिला जातो, पुढच्या पिढीला जातच नाही. डीएनएच्या अक्षरांत दोन्ही संच सारखेच असले तरी कुठला बापाचा हे पेशीला कळतं. आणि लिंबावरच्या पिठ्या ढेकणात बघितलं तर त्या गोळ्यावर एच३ च्या ९ व्या लायसिनचं मिथाइल आणि एचपी१ सारखं प्रोटीन दोन्ही सापडतं. माणूस, माशी, ढेकूण, विभाजी यीस्ट, सगळीकडे हीच जोडी. उत्क्रांतीने एवढी वर्षं सांभाळून ठेवलेली गोष्ट आहे ही. आपल्या भागातल्या कॉलेजांत मायक्रोस्कोप आहेत, वावरात ढेकूण फुकट आहे, कोणीतरी यावर प्रोजेक्ट करावा असं मला फार वाटतं.

जीन शांत करणाऱ्या प्रोटीनांची दुसरी मोठी टोळी पॉलिकोम्ब. १९४७ मध्ये पामेला लुईसला अशी नर माशी मिळाली जिच्या पुढच्या पायांवरचा कंगवा मागच्या पायांवरही उगवला होता, त्यावरून नाव. इथे दोन यंत्रं आहेत. पीआरसी२ एच३ च्या २७ व्या लायसिनवर मिथाइल लावतं, त्यातलं ईझेडएच२ लावणारं आणि ईईडी वाचणारं, वाचलं की ईझेडएच२ आणखी जोरात चालतं, म्हणजे परत तेच विरजण, एकाच यंत्रात. पीआरसी१ एच२ए हिस्टोनवर युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन खूण म्हणून लावतं, शिवाय ते न्यूक्लिओसोमच्या साखळ्या आवळून गोळा करतं हे २००४ ला किंग्स्टनच्या लॅबने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. बरीच वर्षं भांडण चाललं की आवळणं महत्त्वाचं की युबिक्विटिन. २०२० ला उंदराच्या मूलपेशींत पीआरसी१ तसंच ठेवून फक्त त्याची युबिक्विटिन लावायची ताकद काढली, तर बंद असलेले जीन मोठ्या प्रमाणात चालू झाले. मी म्हणून खुणेच्या बाजूने झुकते. माशीत तर एच३ चा तो २७ वा लायसिनच बदलून टाकला, मिथाइल लागायला जागाच नाही, तर पीआरसी२ नसल्यासारखी माशी मिळाली. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो. ईझेडएच२ ला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत एका दुर्मिळ सार्कोमासाठी (एक प्रकारचा कर्करोग) मंजूर झालं, म्हणजे हे सगळं फक्त माश्यांपुरतं नाही.

कुठली खूण आधी, कुठली नंतर हा क्रम बघायचा असेल तर मादीचा एक्स (गुणसूत्र) बघ. बाईच्या जवळपास प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, मेरी लायनने १९६१ ला मांडलं ते. एक्सिस्ट नावाचा आरएनए त्या एक्सवर पसरतो, तो स्पेन प्रोटीनला आणतो, स्पेनमार्फत एचडॅक३ कामाला लागतं, ॲसिटाइल जातात, जीन गप्प व्हायला लागतात. पॉलिकोम्बच्या खुणा त्याच सुमारास किंवा मागून, डीएनएवरचं मिथाइल तर बरंच उशिरा. म्हणजे आधी चालू असल्याची खूण पुसली, मग बंदची खूण लावली, मग कायमचं टाकं घातलं. मायक्रोस्कोपमध्ये दिसणारा बार बॉडीचा गडद ठिपका ही या सगळ्याची बाहेरून दिसणारी बाजू.

आणि टाकं किती पक्कं हे खुणेवर ठरतं. २०१६ ला एलोविट्झच्या लॅबने हॅमस्टरच्या पेशींत एकाच जीनवर चार वेगवेगळी प्रोटीनं आणून बसवली आणि मग काढून घेतली. एचडॅक४ काढलं की जीन सगळ्या पेशींत परत चालू. डीएनएवर मिथाइल लावणारं डीएनएमटी३बी काढलं तरी बंद ते बंदच. केरॅब आणि ईईडीचं मधलं, काही पेशी उघडल्या, काही नाही. आणि एकेका पेशीत बघितलं तर जीन हळूहळू मंद होत नाही, एकतर चालू एकतर बंद. दही लागलं किंवा नाही लागलं.

पेशी दुभंगताना तर गुणसूत्रं सगळ्यात जास्त घट्ट असतात. तिथे काँडेन्सिन हे प्रोटीन डीएनएचे वेटोळे ओढत जातं, २०१८ ला डेल्फ्टमध्ये ते प्रत्यक्ष ओढताना मायक्रोस्कोपखाली दिसलं, सेकंदाला हजार-दीड हजार बेसपर्यंत. पण विभाजन संपलं की त्या घट्टपणातून बाहेर येऊन कोणता जीन चालू, कोणता बंद हे पेशीला बरोबर आठवतं. सगळंच घट्ट झालं होतं, तरी फरक विसरला नाही. म्हणून आठवण घट्टपणात नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहिलं ते. तू शहाद्याचा, तुला सिकल सेल सांगायला नको. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, आपल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये किती घरांत हा आजार आहे. आई सांगते, बाळ सहा महिने अगदी चांगलं होतं आणि मग हाताची-पायाची बोटं सुजायला लागली. ते सहा महिने कशामुळे? पोटात असताना बाळ हिमोग्लोबिनसाठी गॅमा ग्लोबिन वापरतं, त्यात दोष नाही. जन्मानंतर गॅमाचा जीन शांत केला जातो आणि दोष असलेला बीटा त्याची जागा घेतो. म्हणजे आजार उघडा पडतो तो एका जीनच्या शांत होण्यामुळे.

शांत कोण करतं? मुख्य माणूस बीसीएल११ए हे प्रोटीन, २००८ ला ऑर्किनच्या लॅबमधून कळलं. ते गॅमाच्या सुरुवातीच्या आधी, ११५ बेस मागे असलेल्या छोट्या जागेला धरतं आणि नूर्ड नावाचं यंत्र घेऊन येतं, त्यात एचडॅक पण आहे आणि न्यूक्लिओसोम सरकवणारं एन्झाइम पण. आणि नीट विचार कर, प्रौढ माणसाच्या लाल पेशी बनवणाऱ्या पेशीत हा बंद गॅमा राहतो कुठे? त्या पेशीतल्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या बीटा जीनपासून अवघ्या २०-२५ हजार बेसवर. गडद गोळा नाही, घट्ट गठाण नाही, शेजारी रात्रंदिवस काम चालू, आणि हा मात्र गप्प. घट्टपणाशिवाय बंद होतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि तो आपल्याच लेकरांच्या रक्तात आहे.

काही घरांत त्या ११५ च्या आसपासच्या जागेत जन्मतःच बदल असतो, बीसीएल११ए ला धरायला जागा मिळत नाही, गॅमा मोठेपणी पण चालू राहतो आणि सिकलचा त्रास कमी होतो. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत अरब-इंडियन प्रकारचा गुणसूत्राचा तुकडा आहे, त्यात गॅमा जरा जास्त राहतो. तपासणी शिबिरांत मी एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे) रिपोर्ट बघत बसायचे, एकाच घरातली दोन भावंडं, दोघं एसएस (आई-बाप दोघांकडून सिकलचा जीन आलेले), एकाच्या रिपोर्टवर एफ, म्हणजे गॅमावालं हिमोग्लोबिन, जास्त आणि तो शाळेत जातो, दुसऱ्याचा कमी आणि त्याला दर दोन महिन्याला रक्त लागतं. हायड्रॉक्सीयुरिया देतात ते पण मुख्यतः एफ वाढवायलाच, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते मधेच सोडू नका हे तुझ्या गावात सांगत जा, तपासण्या करून नियमित घ्यायचं औषध आहे ते. आणि डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेवी उपचार काय करतो, तर रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांतला बीसीएल११ए चा फक्त लाल पेशींपुरता चालणारा एन्हान्सर (जीनला चालना देणारा डीएनएचा तुकडा) क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने कापतो. शांत करणाऱ्यालाच शांत केलं. किंमत मात्र २२ लाख डॉलर आहे, धडगावच्या आईसाठी तो आकडा म्हणजे काहीच नाही झालं असं आहे, आणि म्हणून बीसीएल११ए ला गोळीने अडवता येईल का यावर चाललेलं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तर परत सेमिनारला उभा राहिलास की तीन वेगळ्या गोष्टी मिसळू नकोस. जीन चालू आहे का हे आरएनए मोजून कळतं. जागा उघडी आहे का हे एमएनेज (उघडा डीएनए कापणारं एन्झाइम) किंवा अटॅक-सीक या पद्धतीने. खूण कोणती हे चिपने (अँटिबॉडीने खूण असलेलं क्रोमॅटिन वेचायची पद्धत), आणि चिपची अँटिबॉडी दोन मिथाइल आणि तीन मिथाइल यात फरक करते का हे आधी तपासल्याशिवाय एक नमुना पण वाया घालवू नकोस, ९ व्या आणि २७ व्या लायसिनच्या आजूबाजूची अक्षरं सारखीच आहेत, त्यामुळे एकीची अँटिबॉडी दुसरीला धरते, यात भल्याभल्यांची वर्षं गेलीत. एका मोजमापावरून दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही. आणि कारण शोधायचं असेल तर प्रोटीन आणून बसव, मग काढून घे, आणि जीन किती दिवस बंद राहतो ते बघ, फक्त "आहे" दाखवून भागत नाही.

तू प्रोजेक्टला एमएनेज लावतोयस असं लिहिलंयस. कॅल्शियम ताजं घाल, वेळ ०, २, ५, १० मिनिटं अशी घे, थांबवायला ईडीटीए वेगळ्या ट्यूबमध्ये आधीच काढून ठेव, आणि जेलवर साधारण १५० पासून पुढे दर २०० च्या आसपास पायऱ्या दिसल्या पाहिजेत. पायऱ्या न दिसता नुसता धूर दिसला तर केंद्रकं फुटलीत किंवा एन्झाइम जास्त पडलंय. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीला लाइट गेली की बर्फ टिकत नाही, त्यामुळे केंद्रकं काढायचं काम सकाळी सातला सुरू कर. जेलचा फोटो पाठव, चारही वेळांचा, कापलेला नको.